बेर्लिओझची ‘सिंफोनी फांतास्तिक’ चारचौघांत ऐकवायची असेल तर

या पाच भागांच्या सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, फ्रेंच संगीतकार एक्तोर बेर्लिओझने नुसत्या तंतुवाद्यांसाठीच निदान 60 वादक मागितले आहेत: पहिले व्हायोलिन 15, दुसरे 15, व्हायोला 10, चेलो 11, डबल बास 9. त्याशिवाय चार ‘बसून’ (खर्जातली लाकडी सुषिर वाद्यं), हार्प, कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं, घंटा. एवढा ताफा नागपुरात जमवणं कठीण. त्यापेक्षा दहा-बारा जणांनी घरच्या हॉलमध्ये बसून चांगलं रेकॉर्डिंग ऐकावं. मात्र तयारी हवी. या रचनेचा अर्धा जीव अगदी हळू आवाजांत आहे, आणि आपल्या घरांत नेमके तेच आधी हरवतात.

एप्रिल ते जून हा बेत करूच नका. तिसऱ्या भागाच्या शेवटी चार वादक टिंपनीवर (नगाऱ्यासारखं मोठं तालवाद्य) लांबच्या गडगडाटाचा आवाज काढतात, आणि कूलरची घरघर नेमकी तशाच खर्जातली. टिंपनी तिच्यात पूर्ण बुडते. आवाज वाढवावा तर मिनिटाभरात चौथा भाग सुरू होतो आणि सगळे दचकतात. डिसेंबर-जानेवारीतली रविवारची सकाळ सगळ्यांत सोयीची. थंडीमुळे पंखाही लागत नाही. संध्याकाळ ठेवायची तर जवळच्या लॉनवर त्या दिवशी लग्न नाही ना, हे आधी विचारून घ्या. डीजेपुढे कुठलाच स्पीकर टिकत नाही.

उघड्या फरशीवर आवाज घुमतो, म्हणून सतरंज्या अंथरा आणि पडदे ओढा. दोन वेगळे स्पीकर हवेतच. एका डब्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर दुसऱ्या भागातली हार्पची मौज निम्मी होते. स्पीकर एकमेकांपासून दोन मीटर आणि भिंतीपासून दीड फूट तरी पुढे असू द्या. भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो आणि चेलो-बास एकमेकांत मिसळून जातात. ऐकणाऱ्यांनाही मागच्या भिंतीला टेकून बसवू नका, तिथेही तेच होतं.

फोनवरून वाजवणार असाल तर शफल बंद करा आणि आवाज आपोआप एकसारखा करणारी सेटिंग काढून टाका. ती चालू राहिली तर कुजबूज आणि गर्जना एकाच उंचीवर येतात आणि रचनेचा उठावच जातो. जाहिराती येणारं फुकटचं खातं नको. टीव्हीच्या साउंडबारवर नाइट मोड असेल तर तोही बंद.

आवाज लावताना चौथ्या भागाचा शेवट वाजवा. कानाला सोसेल इतपत तो मोठा ठेवा आणि बटणाला तिथून पुढे हात लावू नका. मग तिसऱ्या भागाची शेवटची दोन मिनिटं वाजवून बघा. टिंपनी ऐकू आली नाही तर दोष खोलीतल्या गोंगाटाचा आहे. फ्रिज, मोटार, खिडकी, जे सापडेल ते बंद करा.

रेकॉर्डिंग निवडताना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी कॉलिन डेव्हिस आणि अॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टगेबाउ वाद्यवृंद (1974) घ्यावं. ते उतावीळ नाही आणि प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. जॉन इलियट गार्डिनर यांनी 1991 मध्ये बेर्लिओझच्या काळच्या वाद्यांवर केलेलं ध्वनिमुद्रण दुसऱ्या बैठकीला ठेवा. त्यातले पितळी आवाज खरखरीत आहेत आणि ते तसेच असायला हवेत.

बैठकीआधी सर्वांना अर्ध्या पानाचा मराठी सारांश द्या. यात कमीपणा काही नाही, बेर्लिओझ स्वतःच श्रोत्यांना छापील कथा वाटत असे. कथा अशी: एक तरुण संगीतकार प्रेमात झुरतो, अफू घेतो, आणि स्वप्नात प्रेयसीचा खून करून वधस्तंभाकडे चालत जातो. शेवटी त्याच्याच अंत्यविधीला चेटकिणी नाचतात. मागची खरी गोष्टही दोन ओळींत लिहा. डॉक्टरचा हा मुलगा 1821 मध्ये वैद्यकी शिकायला पॅरिसला आला आणि संगीताकडे वळला. 1827 मध्ये त्याने हॅरिएट स्मिथसन या आयरिश नटीला ‘हॅम्लेट’मधल्या ऑफिलियाच्या भूमिकेत पाहिलं आणि तो तिच्या प्रेमात पडला. 5 डिसेंबर 1830 ला हाबेनेकच्या संचालनाखाली ही सिंफनी पहिल्यांदा वाजली, आणि 1833 मध्ये दोघांचं लग्न झालं. बेर्लिओझ पियानो वाजवत नसे. बासरी आणि गिटार ही त्याची वाद्यं. तो थेट वाद्यवृंदाच्या आवाजातच विचार करतो, त्याचं हे एक कारण असावं.

आता ऐकण्याचा गाभा. प्रेयसीची एक धून पाचही भागांत येते. तिला ‘इदे फिक्स’ (डोक्यात घर करून बसलेली कल्पना) म्हणतात. पहिल्या भागात पाचेक मिनिटांची संथ प्रस्तावना संपली की व्हायोलिन आणि बासरी मिळून ती 40 मात्राखंडांत पूर्ण वाजवतात. खाली तंतुवाद्यं अडखळत धडधडतात. हा तुकडा बैठकीआधी तीनदा वाजवा आणि सगळ्यांना गुणगुणायला लावा. ही पायरी गाळली तर पुढचा पाऊण तास नुसता आवाज होऊन बसतो.

ज्यांचा कान शास्त्रीय गाण्यावर तयार झाला आहे त्यांना एक अडचण हमखास येते: ते षड्ज धरून बसतात. इथे धूनच जागा बदलते. पहिल्या भागातला तिचा सा दुसऱ्या भागात राहत नाही. तंबोऱ्याचं अॅप अजिबात लावू नका. चाल ओळखा आणि सा सोडून द्या.

दुसऱ्या भागात नाचाच्या गर्दीतून ती दोनदा डोकावते. तिसऱ्याच्या सुरुवातीला कोर आंग्ले हे सनईसारख्या दुहेरी पातीचं वाद्य हाक घालतं आणि पडद्यामागून ओबो उत्तर देतो. शेवटी तीच हाक पुन्हा येते तेव्हा उत्तराला फक्त टिंपनी असते. इथे कुणी खोकलंसुद्धा नाही पाहिजे, म्हणून चहा आणि चिवडा आधी किंवा नंतर. चौथ्याच्या अखेरीस एकटं क्लॅरिनेट धूनेची पहिली ओळ धरतं, आणि गिलोटिन पडल्यासारखी ती तुटते.

पाचवा भाग आपल्या लोकांना सगळ्यांत लवकर पकडतो. तिथे छोटं, उंच पट्टीचं क्लॅरिनेट तीच धून वेडीवाकडी, किंचाळत वाजवतं. मग घंटा, आणि ‘दिएस इरे’ हे मृतांसाठीचं चर्चमधलं जुनं गीत. ‘बसून’वर आणि ट्यूबा या खर्जातल्या पितळी वाद्यावर (मुळात ओफिक्लाइड हे जुनं पितळी वाद्य) ते संथ येतं, हॉर्न आणि ट्रॉम्बोनवर दुगुनीत, आणि लाकडी सुषिर वाद्यांवर चौगुनीत. ही लय हाताने मोजायला सांगा, मागच्या रांगेतलेही सरसावून बसतात. अगदी शेवटाकडे व्हायोलिनवाले गजाच्या लाकडाने तारांवर मारतात. तो हाडं वाजल्यासारखा खडखडाट रेकॉर्डिंगचा दोष आहे असं वाटून कुणी स्पीकरची वायर हलवायला उठतं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

पुढच्या बैठकीला बेर्लिओझचंच ‘हॅरल्ड इन इटली’ घ्या: व्हायोला प्रमुख, साधारण 42 मिनिटं. त्याच्याच 1837 च्या रेक्विएममध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांतून वाजतात. दोन स्पीकरवर ते कळत नाही, त्यामुळे तो चार स्पीकरांची सोय होईपर्यंत ठेवून द्या.