मिसिसॉगाला सॅमन धरायला निघालेल्या ठाणेकरांसाठी

ऑगस्टात मुलाकडे कॅनडात मिसिसॉगाला जाणार असाल आणि पोर्ट क्रेडिट बंदरातून सॅमनच्या बोटीचं बुकिंग झालं असेल, तर रॉड, गळ, शिसं यातलं काहीही ठाण्याहून नेऊ नका. डाउनरिगर, म्हणजे जड गोळ्याने लाइन खोल पाण्यात नेणारी यंत्रं, बोटीवरच बसवलेले असतात, आणि त्यांचा चार-पाच किलोचा गोळा विमानाच्या बॅगेत कोण कोंबणार? न्यायचे ते गरम कपडे. ओंटारिओ नावाला सरोवर, पलीकडचा काठ दिसत नाही आणि पहाटेचा वारा झोंबतो. येऊरला चालतो तो स्वेटर तिथे पुरणार नाही, वर विंडचीटर हवाच. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या. लायसन्स पाहुण्यालाही लागतं. एका दिवसाचं मिळतं, ऑनलाइन काढा.

खरी तयारी गच्चीवर करायची. गायमुखच्या खाडीत जिताड्याने ओढ दिली की आपला हात आपोआप हिसका मारतो. तीच सवय तिथे नडते. लाइन गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवून रॉड ताणून वाकवलेला असतो. मासा लागला की क्लिप सुटते, रॉड ताडकन सरळ होतो आणि लाइन ढिली पडते. आधी ती ढील भराभर गुंडाळायची. मासा हाताला जड लागला की मग रॉड उचलायचा. कठड्याला कपड्यांचा चिमटा लावा, त्यात लाइन अडकवा आणि नातवाला पलीकडून ओढायला सांगा. शेजारी हसतील, हसू द्या. चिनूक, म्हणजे तिथला मोठा सॅमन, पळत सुटला की मात्र रिळाच्या हँडलवरचा हात काढायचा, ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक आपलं काम करतो.

आदल्या संध्याकाळी कॅप्टनला एकच विचारा: १० ते १३ अंशांचं पाणी किती खोलीवर आहे? चिनूक बहुधा त्याच पट्ट्यात असतो. जमिनीकडून जोराचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी काठापासून दूर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं, त्यामुळे कालचा आकडा आज चालेलच असं नाही. डाउनरिगरच्या काउंटरवर १०० फूट दिसले तरी बोटीच्या वेगाने गोळा मागे रेटला जातो आणि प्रत्यक्षात वरच राहतो.

डब्यात काहीही न्या, केळी सोडून. तिकडे बोटीवर केळं अपशकुनी मानतात; कॅप्टनचा मूड कशाला घालवा! बर्फाची पेटी आहे का, तेही विचारून ठेवा. तळण्याआधी ओंटारिओ प्रांताच्या सरकारची मासे खाण्याबद्दलची मार्गदर्शिका बघा. मोठ्या माशाच्या चरबीत पीसीबी ही कारखान्यांतली घातक रसायनं साठतात, म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढूनच तुकड्या पाडा. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी मर्यादा आणखी कडक आहे.