पत्र्याच्या शेडला घाम सुटतो, त्याचा बंदोबस्त

इंदूर जिल्ह्यात देपालपूर-सांवेरकडे सोयाबीनची पोती गोदामात लागली आणि गव्हाची पेरणी उरकली, की एकदा वर पत्र्याकडे बघा. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. आतली हवा 20 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर साधारण 14 अंशांखाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. पाऊस नसताना पहाटे पोत्यांवर ओले ठिपके दिसले, तर ती गळती नव्हे. वरून डांबर किंवा सील लावून हे पाणी थांबत नाही.

पत्र्याखाली बंद छिद्रांचा पॉलिथिन फोम लावा, त्याला एका बाजूने ॲल्युमिनियमची फॉइल असलेला. जाडी 10 मिमी घ्या. 5 मिमीचा स्वस्त पडतो, पण कडाक्याच्या थंडीत त्याची खालची बाजूही गार पडून ओली होते आणि खर्च पाण्यात जातो. फॉइल खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे तिच्यावर धूळ बसत नाही आणि चमक टिकते.

नवीन शेडमध्ये आडव्या पाइपांवर आधी तारेची जाळी ताणा, नाहीतर फोमला झोळ पडतो. वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे जा. वरची पट्टी खालच्या पट्टीवर 150 मिमी चढवा. मग पत्रा, आणि स्क्रू रबरी वायसरचे.

जुन्या शेडमध्ये फोम पाइपांच्या खालून लागतो, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. पत्रा आणि फोम यांच्यात पोकळी राहते. एका उघड्या जोडातून आतली दमट हवा तिथे शिरली, की पत्र्याला पूर्वीसारखाच घाम येतो. फक्त तो आता दिसत नाही आणि पत्रा वरच्या वर गंजतो. म्हणून प्रत्येक जोड, भिंतीची कड आणि पाइपाचं भोक फॉइल टेपने बंद करा. आधी धूळ कोरड्या फडक्याने पुसा. साधी खाकी टेप मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली हमखास सुटते. विजेची वायर फॉइलला टेकू देऊ नका, ती नळीतूनच न्या.

गोठ्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये नुसत्या फोमवर भागत नाही. गॅस ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगडीत, 1 किलो गॅस जळला, की सुमारे 1.6 लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. थंडीच्या भीतीने सगळे पडदे खाली सोडले, तर ही वाफ छताला धरते, खाली अंथरलेलं तूस भिजतं, अमोनिया सुटतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरतात. पडदे वरून चार बोटं उघडे ठेवा, आढ्याची झडप बंद करू नका. ब्रूडिंगच्या भागात 25 मिमी फोम लावा, तोही आग लवकर न धरणाराच मागा आणि ब्रूडरपासून लांब ठेवा.

गोदामाचं मात्र उलट: खिडक्या कोरड्या दुपारी उघडायच्या, धुक्यात आणि रात्री बंद. सोयाबीन 12 टक्क्यांहून ओलं असेल तर ते आधी वाळवा. त्याची वाफ कुठलाही फोम शोषून घेणार नाही.

थंडीची पहिली लाट आली, की पहाटे बॅटरी घेऊन जोडांवरून हात फिरवा. ओल लागेल त्या जोडाला खूण करा आणि दुपारी सुकल्यावर टेप पुन्हा लावा.