ग्रीन कार्डसाठी नवऱ्याचा पगार कमी पडतोय? भारतातली एफडी मोजा

नवरा अमेरिकन नागरिक, पण पगार आय-८६४ला (तुमच्या खर्चाची हमी देणारा त्याचा फॉर्म) लागणाऱ्या, म्हणजे अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या आकड्याखाली? लगेच हमी घेणारा दुसरा जामीनदार शोधत फिरू नका.

१. आय-८६४पी या उत्पन्नमर्यादेच्या सरकारी तक्त्यात घरातल्या माणसांपुढचा आकडा बघा. स्वतःलाही मोजा, हेच विसरतं.

२. तूट काढा. तिच्या तिप्पट बचत पुरते: ४,००० डॉलर कमी तर १२,०००.

३. तुमच्या नावावरची भारतातली एफडीही चालते. वर्षभरात मोडून पैसे अमेरिकेत आणता यायला हवेत. बँकेकडून बारा महिन्यांचा उतारा घ्या. सहकारी बँकेचं मराठी पासबुक असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

तरीही जामीनदार लागलाच, तर त्याला आधीच सांगा: तुमचा घटस्फोट झाला म्हणून त्याची जबाबदारी सुटत नाही.