देवगिरीची अंधारी: खंदकापासून बालेकिल्ल्यापर्यंत कसं चढावं

मराठवाड्यातले नावाजलेले किल्ले बहुतेक भुईकोट. परांडा घ्या, औसा घ्या, कंधार घ्या. खंदक ओलांडून दरवाजातून आत शिरलं की चढाचा विषय संपतो. देवगिरीत, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात, तो तिथून सुरू होतो. तटामागे तट, मग डोंगर तासून केलेला खंदक, आणि खंदकाच्या पलीकडे डोंगराच्या पोटातून वर जाणारा काळोखा जिना. हीच अंधारी. गाइड तिला भुलभुलैया म्हणतात, पण आत वाटांचं जाळं वगैरे काही नाही. वाट मुळात एकच आहे. फसवतात ते तिचे वळसे, आखूड-लांब पायऱ्या आणि नको तिथे दिसणारा उजेड.

आता अंधारीला बगल देणाऱ्या पायऱ्या आहेत, त्यामुळे आत न शिरताही वरच्या बारादरी महालापर्यंत जाता येतं. पण किल्ला नीट समजून घ्यायचा तर एकदा तरी अंधारीतूनच वर जावं आणि बाहेरच्या पायऱ्यांनी उतरावं. उलटं करू नये. उन्हातून येऊन काळोखात उतरताना पायरीची कड दिसत नाही आणि अंगाचा भार पुढे असतो. चढताना ठेच लागली तर गुडघा फुटतो, उतरताना लागली तर माणूस खाली जातो.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये दगडावर शेवाळ असतं आणि अंधारीत पाझर. त्यात वटवाघळांची विष्ठा मिसळली की पायरी साबण लावल्यासारखी होते. मार्चनंतर दहाच्या पुढे चढू नये. काळा दगड तापतो आणि वरच्या टप्प्यावर सावली फार थोडी. एप्रिल-मे मध्ये वाळलेल्या गवताचीही भीती असते. 2025 च्या एप्रिलमध्ये किल्ल्यावर मोठी आग लागली होती. विडी-सिगारेट, काडेपेटी गाडीतच ठेवा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

वार कोणताही चालेल, फक्त रविवार आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. अंधारीत गर्दी म्हणजे निव्वळ डोकेदुखी. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात. त्या पोचायच्या आत तुम्ही खंदकापाशी असायला हवं. म्हणून तिकीट खिडकी उघडते त्या वेळेलाच दारात हजर राहा.

छत्रपती संभाजीनगरहून किल्ला साधारण 15 किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळ, खुलताबाद, कन्नडकडे जाणारी एसटी धरायची आणि कंडक्टरला 'किल्ल्यापाशी उतरवा' सांगायचं. स्वतःची गाडी असेल तर छावणी, मिटमिटा, शरणापूर असा रस्ता. वेरूळकडून परत येणार असाल तर दिल्ली दरवाजाच्या कमानीत वाहनं अडकतात, त्याचा अर्धा तास हिशेबात धरा.

सोबत काय असावं

सगळ्यात महत्त्वाचा उजेड. मोबाइलचा टॉर्च चालेल असं प्रत्येकाला वाटतं, आणि तिथेच चुकतं. मोबाइलनं एक हात अडकतो, उजेड छातीच्या उंचीवरून समोर पडतो, पाऊल मात्र काळोखातच राहतं. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, 150 ते 200 ल्युमेनची पुरते. चौघांत निदान दोन, आणि पिशवीत एक राखीव. बॅटरीचं तोंड दोन पायऱ्या पुढे पडेल इतकं खाली वाकवा. छताकडे उजेड मारला की वटवाघळं उठतात. ती चावायला येत नाहीत, पण तोंडाजवळून फडफडत गेली की माणूस दचकतो आणि मागच्यावर आदळतो.

टेंभा पेटवून नेणारे गाइड दिसले तर त्यांना नम्रपणे सांगा, 'मामा, टेंभा नको, बॅटरी आहे आमच्याकडे.' बंद जागेत तेलाचा धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात आणि श्वासही घुसमटतो. याच अंधारीत शत्रूला धुरानं गुदमरवायची सोय केलेली आहे, तेच काम आपण पैसे देऊन कशाला करून घ्यायचं? गाइड मात्र पहिल्या वेळी जरूर घ्या. पैसे खालीच ठरवा, आणि अंधारीसकट वरपर्यंत की नुसतं खंदकापर्यंत, हेही आधीच बोलून घ्या.

पाणी हिवाळ्यात माणशी दोन लिटर, मार्चपासून तीन. वर विकत मिळेल या भरवशावर राहू नका. बूट रबरी तळव्याचे, खाचा न झिजलेले. चामडी चप्पल आणि गुळगुळीत सँडल इथे कामाचे नाहीत. साधा मास्क घ्या, कारण आतला वास उग्र असतो आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाऊ नये. खाणं पिशवीच्या आत, चेन लावून. किल्ल्यावर वानरं आहेत आणि हातात लटकणारी प्लॅस्टिकची पिशवी त्यांना लांबूनही कळते. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी फडक्यात बांधून आणलीत तर उत्तम. कुरकुऱ्यांच्या पाकिटाचा आवाज नको.

दरवाजापासून खंदकापर्यंत

हा टप्पा सोपा, पण घाईनं उरकू नका. पहिल्या मोठ्या दारावर हत्तींच्या धडकेविरुद्ध लोखंडी खिळे आहेत. आत गेल्यावर पुढचा दरवाजा समोर नसून वळणावर आहे, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळत नाही. याच चौकात आता तोफा मांडून ठेवल्या आहेत. पुढे उजव्या-डाव्या हाताला हत्ती हौद, जुन्या मशिदीच्या खांबांमध्ये 1948 नंतर उभं राहिलेलं भारतमाता मंदिर, आणि चांद मिनार. मिनार 1445 सालचा, बहमनी काळातला. तो खालून बघायचा.

चिनी महालापाशी पाच मिनिटं थांबा. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं इथे कैदेत ठेवलं. त्याच्या शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड, नाव 'किला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी. तोफेवर पोरांना बसवून फोटो काढू नका. पंचधातूची म्हणून ती उन्हात चटकन तापते, हे एक कारण; दुसरं सांगायला नको.

दरवाजापासून इथपर्यंत बघत बघत पाऊण तास. इथे पाणी प्या, लघवीला जाऊन या, कारण पुढे सोय नाही. बुटांच्या नाड्या बांधा. बॅटऱ्या लावून तपासा. ही तपासणी पुलावर किंवा अंधारीच्या तोंडाशी करणारे लोक मागच्यांची वाट अडवतात.

खंदक आणि अंधारी

पूल ओलांडताना खाली वाकून बघा, कठड्याला धरून. डोंगराचा खालचा भाग छिन्नीनं सरळ तासलेला आहे, पाय रोवायला जागा राहू नये म्हणून. पूर्वीचा अरुंद पूल खंदकाच्या पाण्याच्या बेतानं बांधलेला. पाणी वाढवलं की तो बुडायचा आणि बालेकिल्ला बेट व्हायचा. आज आपण लोखंडी पुलावरून जातो. एका वेळी थोडी माणसं, मध्ये थांबून सेल्फी नाही. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर बोलणं बंद, अत्तर लावलेल्यांनी मागे राहायचं. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. ओढणीनं तोंड-मान झाकून आल्या वाटेनं सरळ लांब निघा.

अंधारीच्या तोंडाशी आल्यावर लगेच आत घुसू नका. बाहेरच्या उन्हात आकसलेली बुबुळं काळोखाला सरावायला वेळ घेतात. तीन-चार मिनिटं सावलीत उभे राहा. पहिल्या दहा पायऱ्यांत जे अडखळतात ते बहुतेक हेच चुकलेले असतात. टोपी काढा, तिच्यामुळे वरचा दगड दिसत नाही आणि डोकं आपटतं.

आत एकामागे एक जायचं. सर्वांत पुढे बॅटरीवाला, शेवटी दुसरा बॅटरीवाला, लहान मुलं मध्ये आणि प्रत्येकाचा हात एका मोठ्याच्या हातात. दोन माणसांत एका हाताचं अंतर ठेवा. पायऱ्यांची उंची आणि रुंदी सारखी नाही, आणि ते कारागिराच्या चुकीनं नव्हे. घरच्या जिन्यावर पाय न बघता चढतात कारण पायाला लय सापडलेली असते; इथे ती लय मुद्दाम मोडलेली आहे. म्हणून प्रत्येक पायरीवर आधी पाऊल पूर्ण टेकवा, मग भार द्या. मोजत चढू नका, मोजण्यानं पुन्हा लय लागते.

मध्ये बाजूला उजेड दिसतो. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. त्यासाठीच ती जागा आहे: उजेडाच्या मागे लागून पुढे आलेला शत्रू थेट खंदकात पडावा. आजही नियम तोच, उजेडाकडे न जाता पायऱ्यांकडे जायचं. गाइड इथे बॅटऱ्या विझवायला सांगतात, खरा काळोख कसा होता ते दाखवायला. अनुभव घेण्यासारखा आहे, पण आधी सगळे जागेवर उभे राहून भिंतीला हात लावलेला असू द्या, आणि पुन्हा उजेड लागेपर्यंत कुणी पाय हलवायचा नाही.

बॅटरी खरंच बंद पडली तर हेच करा. थांबा, हात भिंतीला, मागच्याला मोठ्यानं सांगा. पायानं चाचपत पुढे जायचं नाही. राखीव बॅटरी पुढे हातोहात येऊ द्या. ओरडून काही साधत नाही. आवाज घुमतो आणि कुठून आला ते कळत नाही.

वरच्या टोकाला अंधारीच्या तोंडावर लोखंडी झाकण सरकवायची सोय होती. त्यावर आग पेटवली की तवा तापल्यासारखं होऊन वाट बंद, आणि धूर आत सोडला की खालची माणसं गुदमरणार. एवढी तयारी असूनही किल्ला पडलाच. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा सांगतात. 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानानं सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले, आत उपासमार झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान यानं किल्ला मोगलांच्या हवाली केला. पाणी-भाकरीचा हिशेब अंधारीहून मोठा ठरला.

सावकाश गेलात तर हा टप्पा 15 ते 20 मिनिटांचा. दमा, हृदयविकार, बंद जागेची भीती, नुकतीच झालेली गुडघ्याची शस्त्रक्रिया, कडेवरचं मूल: यातलं काहीही असेल तर बाहेरच्या पायऱ्यांनीच जावं. आत शिरल्यावर घाबरलेल्या माणसाला मागे फिरवणं फार अवघड, कारण मागे रांग असते. 'काकू, काही होत नाही, चला' असा आग्रह कुणी करू नये.

वरचा टप्पा

बाहेर आल्यावर गणपतीचं देऊळ. इथे निदान दहा मिनिटं बसा आणि हात धुऊनच काही खा, कारण भिंतींना लागलेले हात वटवाघळांच्या घाणीचे असतात. पुढे सरळ पायऱ्या, दम काढणाऱ्या. किल्ल्याच्या एकूण पायऱ्या साडेसातशेच्या आसपास सांगतात. पन्नास चढायच्या, एक मिनिट थांबायचं, हे प्रमाण बहुतेकांना जमतं. बारादरी मोगल काळातली, तिथे वारा चांगला लागतो आणि पुष्कळजण तिथूनच परततात. परतू नका. आणखी वर संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचं स्थान आहे. ते याच किल्ल्याचे किल्लेदार होते. सर्वांत वर तोफेचा बुरुज. खाली बघितलं की तटांची कडी, खंदक आणि आपण आलो ती वाट एका नजरेत येते. बुरुजाच्या कडेला कठडा तोकडा आहे, पाठ करून फोटोला उभं राहू नका.

उतरताना बाहेरच्या पायऱ्या, किंचित तिरकं पाऊल टाकत, म्हणजे गुडघ्यावर झटका बसत नाही. वर जायला दोन तास, उतरायला एक, बघण्या-बसण्याला तास. चार तास हाताशी ठेवा. दुपारी वेरूळ जोडायचा बेत असेल तर मंगळवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात. हंगामात दारासमोर सीताफळं मिळतात; डोळे उघडलेली, पण दाबून मऊ न लागणारी घ्या, घरी पोचेपर्यंत पिकतात.