स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप मागे सरकत होता, असा थांबला (माझा अनुभव)

.177 (4.5 मिमी) ची स्प्रिंग पिस्टन रायफल, झिरो केलं (स्कोपचा नेम पेलेट लागते त्या जागेशी जुळवला) की थोड्याच पेलेट्सनंतर (छऱ्यांनंतर) ग्रुप (छऱ्यांचा पुंजका) भलतीकडे, बघावं तर माउंट (स्कोप धरणारा क्लॅम्प) 11 मिमी डव्हटेलवर (रायफलवरच्या तिरप्या खाचांच्या पट्टीवर) मागे सरकलेला. स्क्रू अजून आवळले, आतून टेप लावली, फरक शून्य, जाम वैताग. ही रायफल आधी मागे आणि पिस्टन आपटला की पुढे झटका देते, नुसत्या पकडीवर स्कोप टिकत नाही.

रायफल रिकामी आहे हे बघून माउंट काढला, खाचा नि क्लॅम्प आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, तेलाचा अंशही नको, मग वन पीस माउंटची स्टॉप पिन (माउंट सरकू न देणारी खिळी) अॅलन कीने फिरवून खाली उतरवली आणि रिसीव्हरच्या (रायफलच्या वरच्या मुख्य भागाच्या) भोकात बसवली, माउंट मागे ओढून पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवली आणि मगच बेसचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. स्कोपभोवतीच्या रिंगचे स्क्रू शेवटी, तिरप्या क्रमाने, टॉर्क ड्रायव्हरने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने), 2 न्यूटन मीटरच्या आतच, नाहीतर स्कोपची ट्यूब चेपते. आता झिरो जागचा हलत नाही.