राजाच्या झग्यावरचा हत्ती

लक्ष्मीपूजनाचे जुने चांदीचे रुपये डब्यातून निघाले की पहिली गोष्ट म्हणजे घासायची चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लांब ठेवा. दापोलीला लग्न होऊन आले त्या दिवाळीत मी अकराच्या अकरा रुपये रांगोळीने घासून लख्ख केले. सासूबाई खूश. त्यातला एक १९११ चा होता, हे मला फार उशिरा कळलं.

कोकणच्या दमट हवेत चांदी काळवंडणारच, तिला काळीच राहू द्या. माती असेल तर साध्या पाण्यातून काढा आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर नुसतं टिपा. मग रुपया कडेला धरून खिडकीच्या तिरप्या उजेडात न्या. भिंग हवंच.

राजा छाप असेल तर तोंड सोडा, छाती बघा. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत इवलासा हत्ती आहे. १९११ साली त्याची सोंड इतकी आखूड उठली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू चिडले, मुसलमानही चिडले. ती नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून सोंड नीट कोरली. माझ्या रुपयावर आता हत्तीही नाही, डुक्करही नाही, नुसता गोळा.

उलटवा. वेलीत इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं काटेरी थिसल, आयर्लंडचं तीन पानी शॅमरॉक, आणि आपलं कमळ. खालच्या कमळाशी बारीक टिंब असेल तर रुपया मुंबईच्या टांकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा.

राणी छापावर, म्हणजे व्हिक्टोरियाच्या रुपयावर, फक्त अक्षरं वाचा: ‘क्वीन’ असेल तर जुना, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचा.

वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. म्हणून तर ‘रुपयाभार’ म्हणतात. झिजलेला थोडा कमी भरेल. पण १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, तेव्हा वजनावर भुलू नका.

ठेवताना प्रत्येक रुपया वेगळ्या बटरपेपरात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात हिरवट चिकटा धरतो.

आणि डब्याच्या तळाशी दुमडलेली चांदीची जाड तार सापडली तर हूक समजून सरळ करू नका. आधी अंगावर फारसी अक्षरं आहेत का बघा. आदिलशाहीत आमच्या शेजारच्या दाभोळला असल्या तारेच्या लाऱ्या पाडत, आणि ते नाणंच होतं.