नवी रॅम घ्यायच्या आधी लिनक्समधे आहे ती रॅम नीट लावून घ्या

भाचीचा ८ जीबीचा लॅपटॉप, त्यावर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार), आणि ब्राउझरमधे दहा टॅब उघडले की हँग. रॅम आणायला मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजाराला, लॅमिंग्टन रोडला जायचं ठरलंच होतं, पण ग्रँट रोडची गाडी पकडायच्या आधी एकदा घरीच बघू म्हटलं आणि बरं झालं बघितलं, कारण २ जीबी रॅम ग्राफिक्सने अडवून ठेवली होती.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका.

आधी "सुडो डीएमआयडीकोड डॅश टी मेमरी" चालवा, कुठल्या स्लॉटमधे किती जीबीची पट्टी आहे ते कळतं. मग "फ्री डॅश एच" करून टोटल बघा. थोडा फरक राहणारच, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि फर्मवेअर (मशीनमधेच बसवलेलं सॉफ्टवेअर) आपला वाटा ठेवतात, पण ८ च्या जागी ५.७ दिसलं तर शोध घ्यायलाच हवा. एखादी पट्टीच दिसत नसेल तर लॅपटॉप बंद करून, चार्जर आणि बॅटरी काढून ती पुन्हा नीट बसवा, आपल्याकडच्या दमट हवेत कॉन्टॅक्ट खराब होतात.

आता बायोस, म्हणजे लॅपटॉप चालू होताना उघडता येणारी मशीनची सेटिंग. चार्जर लावलेला असू द्या, आणि काहीही बदलायच्या आधी प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, हे टाळू नका. ग्राफिक्ससाठी किती रॅम राखायची ते तिथे ठरतं, प्रोसेसर एएमडी असेल तर "यूएमए फ्रेम बफर", इंटेल असेल तर "डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड" असं काहीतरी नाव सापडेल. भाचीच्या मशीनवर तिथे २ जीबी होतं, ते ५१२ एमबी केलं. मोठे गेम खेळत नसाल तर एवढं पुरतं. काही लॅपटॉपमधे हा पर्याय दिलेलाच नसतो, मग पुढे चला.

खरा फरक झेडरॅमने पडतो. यात रॅमचाच एक भाग कॉम्प्रेस करून स्वॅपसारखा (रॅम कमी पडली की जादाचा डेटा ठेवायची जागा) वापरतात, डिस्कपेक्षा कितीतरी वेगाने. फेडोरात ३३ पासून ते आधीच चालू असतं. उबंटू किंवा डेबियनवर "झेडरॅम-टूल्स" टाका, ईटीसीच्या डिफॉल्ट फोल्डरमधली "झेडरॅमस्वॅप" फाइल उघडून अल्गोपुढे झेडएसटीडी (कॉम्प्रेस करायची पद्धत) आणि पर्सेंटपुढे ५० लिहा, ओळीच्या सुरुवातीचं हॅश काढायला विसरू नका, मग झेडरॅमस्वॅप सर्व्हिस रीस्टार्ट करा. "झेडरॅमसीटीएल" केलं की दिसतं चालू झालंय की नाही.

स्वॅपिनेसबद्दल (लिनक्सने स्वॅप किती सढळ वापरावा हे ठरवणारा आकडा) मात्र जो तो १० करा सांगतो, आणि तिथेच लोक फसतात. डिफॉल्ट ६० असतं. स्वॅप हार्ड डिस्कवर असेल तर १० ठीक आहे, पण झेडरॅम लावल्यावर आकडा वाढवायचा असतो, कारण तिथे स्वॅप करणं स्वस्त पडतं. कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत जाता येतं, मी १०० ठेवलं. ईटीसीमधल्या सिस्-सीटीएल डॉट डी फोल्डरात शेवटी डॉट कॉन्फ असलेली नवी फाइल करून "व्हीएम डॉट स्वॅपिनेस = १००" लिहा आणि "सुडो सिस्-सीटीएल डॅश डॅश सिस्टम" चालवा. नाही पटलं तर फाइल काढून रीस्टार्ट करा.

आठवडाभर अधूनमधून "फ्री" बघत राहा. एवढं करूनही त्यातला अव्हेलेबलचा आकडा कायम तळाला आणि झेडरॅमही भरलेली दिसली तर रॅम खरंच कमी आहे, तेव्हा रॅमचा प्रकार कुठला (डीडीआर ३, ४ वगैरे), स्पीड किती, ते डीएमआयडीकोडमधून लिहून घ्या आणि मगच लॅमिंग्टन रोड गाठा.